स्टीव्हन्स, थॅडियस

(४ एप्रिल १७९२–११ ऑगस्ट १८६८). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक नामवंत वकील, संसदपटू आणि गुलामगिरीचा कट्टर विरोधक. यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) प्रतिनिधिगृहाच्या अर्थोपाय समितीचा अध्यक्ष आणि युद्धोत्तर पुनर्रचनेच्या काळात रिपब्लिकन पक्षातील जहाल गटाचा नेता या नात्यांनी त्याने अमेरिकेच्या राज्यघटनेवर कायमचा ठसा उमटविला. मुक्त झालेल्या गुलामांना नागरिकत्व व मताधिकार मिळवून देणाऱ्या कायद्यांत त्याचा मोठा वाटा होता. मात्र ज्या एका मागणीला तो मताधिकाराहूनही अधिक महत्त्व देत असे, ती जमिनीची मागणी त्याच्या स्वतःच्या पक्षानेच फेटाळली.

त्याचा जन्म व्हर्माँट राज्यातील डॅनव्हिल या खेड्यात एका गरीब कुटुंबात झाला. पोलंडचा स्वातंत्र्यवीर तादेउश कोशचुश्को अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला होता. त्याच्या नावावरून मुलाचे नाव थॅडियस ठेवण्यात आले. जन्मतःच त्याचे एक पाऊल आत वळलेले होते आणि तो आयुष्यभर लंगडत चालला. त्याचा वडील भाऊ जोशुआ याची तर दोन्ही पावले अशीच होती. वडील शेती व चांभारकाम करीत. पुढे ते कुटुंब सोडून निघून गेले. चार मुलांचा भार आई सॅरा हिच्यावर पडला. थॅडियसला अंगमेहनतीची कामे झेपणार नाहीत हे ओळखून तिने त्याला शिकविण्याचा निश्चय केला आणि त्यासाठी शाळेची सोय असलेल्या पीचम गावी बिऱ्हाड हलविले. आईच्या या कष्टांविषयीची कृतज्ञता स्टीव्हन्सने पुढे अनेकदा बोलून दाखविली.

डार्टमथ महाविद्यालयातून १८१४ मध्ये पदवी घेतल्यावर तो पेनसिल्व्हेनिया राज्यातील यॉर्क येथे गेला. तेथे दिवसा शिक्षकाची नोकरी करून त्याने कायद्याचा अभ्यास केला. तथापि अभ्यासाच्या काळात अन्य व्यवसाय करणाऱ्यास सनद देऊ नये, असा नियम तेथील वकील मंडळींनी केला. तेव्हा तो सरहद्द ओलांडून शेजारच्या मेरिलंड राज्यातील बेल एअर येथे गेला, तेथील परीक्षा उत्तीर्ण झाला आणि १८१६ मध्ये त्याने गेटिझबर्ग येथे वकिली सुरू केली. पुढील वर्षी खुनाच्या एका खटल्यात आरोपीच्या वेडसरपणाचा मुद्दा त्याने मांडला. खटला तो हरला. पण युक्तिवादाने त्याचे नाव झाले आणि त्याच्याकडे कामाचा ओघ सुरू झाला.

त्याच्या वकिलीच्या आरंभकाळातील एक प्रकरण त्याच्या चाहत्या चरित्रकारांनाही अवघड वाटत आले आहे. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणे परराज्यातील मालकाने आपला गुलाम त्या राज्यात सहा महिने ठेवल्यास तो गुलाम मुक्त होत असे. चॅरिटी बटलर या गुलाम स्त्रीने या आधारावर स्वतःच्या व मुलांच्या मुक्ततेसाठी दावा केला. मेरिलंडमधील मालकाबरोबर तिचे पेनसिल्व्हेनियात वारंवार येणेजाणे झाले होते आणि या मुक्कामांची बेरीज सहा महिन्यांहून अधिक होत होती. स्टीव्हन्सने वकीलपत्र घेतले ते मालकाचे. कायद्याला सलग सहा महिने अभिप्रेत आहेत, तुटक मुक्कामांची बेरीज नव्हे, असा युक्तिवाद त्याने केला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८२१ मध्ये तो मान्य केला आणि ती स्त्री मुलांसह गुलामगिरीतच राहिली. कायद्याचे शब्द काटेकोरपणे वाचण्याचे जे कौशल्य त्याने पुढे गुलामांच्या बाजूने वापरले, ते त्याने प्रथम त्यांच्याविरुद्ध वापरले होते. यानंतर मात्र पळून आलेल्या गुलामांची बाजू तो न्यायालयात अनेकदा विनामूल्य मांडू लागला. या बदलामागे पश्चात्ताप होता की काय, याविषयी चरित्रकारांनी पुष्कळ तर्क केले आहेत.

राजकारणात तो प्रथम पुढे आला तो गुप्त संघटनांच्या विरोधी चळवळीतून. फ्रीमेसन या संघटनेतील प्रतिष्ठित सदस्य एकमेकांना शासनात व न्यायालयात झुकते माप देतात, या आरोपावरून मेसनविरोधी पक्ष निर्माण झाला होता. त्या पक्षातर्फे स्टीव्हन्स १८३३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळावर निवडून आला. मेसन पुढाऱ्यांची चौकशी करण्याचा त्याचा खटाटोप हास्यास्पद ठरला. मात्र याच विधिमंडळात त्याने आपल्या आयुष्यातील पहिले मोठे कार्य केले. जुन्या व्यवस्थेत गरीब मुलांना मोफत शिकता येई. पण त्यासाठी आईबापांना आपण निर्धन असल्याचे जाहीर करावे लागे. १८३४ च्या कायद्याने ही पद्धत मोडून करांच्या उत्पन्नातून सर्वांसाठी मोफत शाळा काढण्याची तरतूद केली. कराच्या बोज्यामुळे या कायद्याविरुद्ध मोठे काहूर उठले आणि पुढच्याच वर्षी राज्याच्या सीनेटने तो रद्द करण्याचा ठराव संमत केला. स्वतःच्या मतदारसंघातही विरोध असताना स्टीव्हन्सने ११ एप्रिल १८३५ रोजी प्रतिनिधिगृहात या शाळांच्या बाजूने भाषण केले. गरिबांची नावे वेगळी नोंदवून त्यांच्या मुलांच्या माथी कायमचा शिक्का मारणाऱ्या जुन्या व्यवस्थेवर त्याचा मुख्य रोख होता. भाषणानंतर सभागृहाचे मत पालटले आणि कायदा टिकून राहिला. आपल्या आयुष्यातील सर्वांत उपयुक्त काम हेच, असे तो म्हातारपणीही म्हणत असे.

राज्याची घटना सुधारण्यासाठी १८३७-३८ मध्ये भरलेल्या परिषदेत मताधिकार केवळ गौरवर्णीयांपुरता मर्यादित करण्यात आला. तेव्हा स्टीव्हन्सने मसुद्यावर सही करण्याचे नाकारले. सर्वच प्रसंगी त्याचे वर्तन असे तत्त्वनिष्ठ होते असे नाही. १८३८ च्या निवडणुकीतील वादामुळे हॅरिसबर्ग येथे दोन प्रतिस्पर्धी सभागृहे भरली, तेव्हा सत्ता राखण्यासाठी त्याने केलेल्या हिकमती निव्वळ पक्षीय स्वरूपाच्या होत्या. खवळलेल्या जमावापासून बचाव करण्यासाठी या लंगड्या नेत्याला विधानभवनाच्या खिडकीतून उडी टाकून पळावे लागले. याच सुमारास त्याने दक्षिण पेनसिल्व्हेनियात कॅलिडोनिया नावाचा लोखंडाचा कारखाना चालविला. त्यात तोटा येऊन सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज झाले. ते फेडण्यासाठी १८४२ मध्ये तो अधिक समृद्ध अशा लँकेस्टर शहरी राहावयास गेला आणि तेथील वकिलीच्या उत्पन्नातून त्याने सावकारांचे देणे फेडीत आणले. गुलामांच्या मालकांविषयी सहानुभूती बाळगणारा, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला जेम्स ब्यूकॅनन हा याच गावचा रहिवासी.

स्टीव्हन्स अविवाहित होता. लिडिया हॅमिल्टन स्मिथ ही मिश्रवर्णीय विधवा १८४८ च्या सुमारापासून त्याच्या मृत्यूपर्यंत त्याचे घर सांभाळीत होती. दोघांच्या संबंधांविषयी विरोधकांनी अनेक प्रवाद पसरविले. त्यांचा खरेखोटेपणा ठरविण्याजोगा पुरावा मात्र उपलब्ध नाही. तो तिला चारचौघांत ‘श्रीमती स्मिथ’ असेच संबोधीत असे, हे निश्चित आहे. त्या काळी गौरवर्णीय मालक कृष्णवर्णीय स्त्रीला केवळ पहिल्या नावाने हाक मारी, हे ध्यानात घेता ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

व्हिग पक्षातर्फे १८४८ मध्ये तो काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आला. १८५० च्या तडजोडीला आणि विशेषतः फरारी गुलामांना पकडून परत देण्याची सक्ती करणाऱ्या कायद्याला त्याने कडाडून विरोध केला. या कायद्याची कसोटी त्याच्याच जिल्ह्यात लागली. लँकेस्टर परगण्यातील क्रिस्टियाना येथे ११ सप्टेंबर १८५१ रोजी मेरिलंडचा एक मालक आपले पळालेले गुलाम पकडण्यासाठी आला असता कृष्णवर्णीयांनी शस्त्रानिशी प्रतिकार केला व त्या चकमकीत तो मालक ठार झाला. शासनाने सुमारे ४० जणांवर राजद्रोहाचा आरोप ठेवला. फिलाडेल्फिया येथे ज्या इमारतीत १७७६ मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला, त्याच इमारतीत पहिल्या आरोपीचा खटला चालला. बचावपक्षाच्या वकिलांत स्टीव्हन्स प्रमुख होता. ज्यूरीने अवघ्या पंधरा मिनिटांच्या विचारविनिमयानंतर आरोपीस निर्दोष ठरविले आणि इतरांवरील आरोपही टिकले नाहीत. खटला जिंकला, पण जिल्ह्यातील नेमस्त व्हिग मंडळी स्टीव्हन्सवर रुष्ट झाली आणि १८५२ मध्ये त्याला पुन्हा उमेदवारी मिळाली नाही.

रिपब्लिकन पक्षात प्रवेश करून वयाच्या ६७ व्या वर्षी, १८५९ मध्ये तो पुन्हा काँग्रेसमध्ये आला. यादवी युद्ध सुरू झाल्यावर अर्थोपाय समितीचा अध्यक्ष म्हणून युद्धखर्चाची तरतूद करण्याची जबाबदारी त्याच्यावर पडली. नवे कर, कर्जरोखे आणि १८६२ मध्ये काढलेले कागदी चलन यांसंबंधीची विधेयके त्याने सभागृहातून झपाट्याने संमत करून घेतली. कर्जरोख्यांवरील व्याज सोन्यात द्यावे अशी दुरुस्ती सीनेटने केली. तेव्हा सैनिकाला कागद आणि सावकाराला सोने, असा भेद होणार म्हणून तो संतापला होता. त्याची जीभ तिखट होती आणि तिच्यातून स्वपक्षीयही सुटत नसत. अब्राहम लिंकनने सायमन कॅमेरन या पेनसिल्व्हेनियातील पुढाऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयी विचारले असता, तो तापून लाल झालेली शेगडी काही चोरणार नाही, असे उत्तर त्याने दिले. कॅमेरनने तक्रार केल्यावर स्टीव्हन्सने आपले विधान मागे घेतले, म्हणजे तो शेगडीही चोरील असे सुचविले, अशी आख्यायिका आहे.

गुलामांची मुक्तता हाच युद्ध जिंकण्याचा मार्ग आहे, हे तो पहिल्या वर्षापासून सांगत होता. लिंकनची सावध चाल त्याला मंद वाटे. तथापि मागे वळून पाहता, स्टीव्हन्सने आज मागावे आणि लिंकनने वर्षा-दोन वर्षांनी द्यावे, असा क्रम दिसतो; दोघांपैकी एकाच्या अभावी दुसऱ्याचे काम किती अवघड झाले असते, हे सांगणे कठीण आहे. दक्षिणेच्या सैन्यालाही त्याचे महत्त्व कळले होते. जून १८६३ मध्ये पेनसिल्व्हेनियावर चालून आलेल्या जनरल ज्यूबल अर्ली याने कॅलिडोनियाचा कारखाना हेतुपुरस्सर जाळून टाकला. ही वार्ता कळल्यावर स्टीव्हन्सने लिहिलेल्या पत्रात काळजी होती ती बेकार झालेल्या कामगारांच्या कुटुंबांची. गुलामगिरी नष्ट करणारी तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहाने ३१ जानेवारी १८६५ रोजी ११९ विरुद्ध ५६ मतांनी संमत केली.

युद्ध संपताच लिंकनची हत्या झाली आणि उपाध्यक्ष अँड्रू जॉन्सन अध्यक्षपदी आला. त्याने बंडखोरांना सढळपणे माफी देऊन दक्षिणेत जुन्या पुढाऱ्यांच्या हाती राज्ये सोपविली. या राज्यांनी लगोलग ‘काळे कायदे’ करून मुक्त झालेल्या मजुरांना पुन्हा मालकांच्या दावणीला बांधण्याचा प्रयत्न केला. डिसेंबर १८६५ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन सुरू झाले, तेव्हा स्टीव्हन्सशी आधी ठरल्याप्रमाणे सभागृहाच्या सचिवाने हजेरीपटातून दक्षिणेच्या सदस्यांची नावे वगळली आणि पुनर्रचनेची सूत्रे अध्यक्षाकडून काँग्रेसकडे आली. बंड केलेली राज्ये ही आता जिंकलेले प्रांत होत, त्यांच्या प्रवेशाच्या अटी काँग्रेसने ठरवाव्यात, अशी त्याची भूमिका होती. जॉन्सनने फेब्रुवारी १८६६ मधील एका जाहीर भाषणात त्याचे नाव घेऊन त्याला देशाचा शत्रू ठरविले.

पंधरा सदस्यांच्या संयुक्त समितीत प्रतिनिधिगृहाच्या बाजूचे नेतृत्व स्टीव्हन्सकडे होते. या समितीने चौदावी घटनादुरुस्ती तयार केली. अमेरिकेत जन्मलेल्या प्रत्येकास नागरिकत्व आणि प्रत्येक व्यक्तीस कायद्याचे समान संरक्षण देणारा तिचा पहिला भाग प्रामुख्याने जॉन बिंगम या सदस्याने रचला. स्टीव्हन्सचे लक्ष दुसऱ्या भागावर अधिक होते. पूर्वी प्रतिनिधींची संख्या ठरविताना पाच गुलाम तीन माणसांबरोबर धरले जात. गुलामगिरी गेल्यावर हा हिशेब संपला आणि मत न देऊ शकणारी सर्व कृष्णवर्णीय जनता मोजली जाऊन दक्षिणेच्या जागा उलट वाढणार होत्या. बंडखोरांना पराभवाचे बक्षीसच मिळणार होते. म्हणून ज्या प्रमाणात मताधिकार नाकारला जाईल त्या प्रमाणात प्रतिनिधित्व कमी करण्याची तरतूद करण्यात आली. मताधिकाराची थेट हमी मात्र तीत नव्हती. १३ जून १८६६ रोजी अखेरच्या मतदानापूर्वी बोलताना वृद्ध स्टीव्हन्सने आपली निराशा लपविली नाही. विषमतेचा लवलेशही नसलेली राज्यव्यवस्था उभारण्याचे आपले स्वप्न विरले आहे; तरीही आपण देवदूतांत नव्हे, माणसांत राहत असल्यामुळे हा अपुरा मसुदा स्वीकारतो, असा त्याच्या भाषणाचा आशय होता. दुरुस्ती १२० विरुद्ध ३२ मतांनी संमत झाली व १८६८ मध्ये अमलात आली. तिच्यातील कायद्याच्या समान संरक्षणाची कल्पना पुढे भारतीय संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदातही आली. अमेरिकेतील दास्यविमोचनाचे पडसाद महाराष्ट्रात त्यापूर्वीच उमटले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला.

कायद्याने मिळालेले हक्क पोटाला चिमटा घेऊन टिकत नाहीत, हे स्टीव्हन्स जाणून होता. लँकेस्टर येथे ६ सप्टेंबर १८६५ रोजी केलेल्या भाषणात त्याने त्याविषयीची आपली योजना आकड्यांनिशी मांडली. दक्षिणेतील सुमारे ७०,००० मोठ्या बंडखोर जमीनदारांकडे ३९ कोटी ४० लाख एकर जमीन आहे. ती जप्त करावी, तीतून प्रत्येक प्रौढ मुक्त पुरुषास ४० एकर द्यावी आणि उरलेली विकून सैनिकांची निवृत्तिवेतने व युद्धकर्ज भागवावे. गोऱ्या जनतेतील नऊ-दशांशांहून अधिक लोकांना या जप्तीची झळ लागणार नाही, असा त्याचा हिशेब होता. योजना केवळ कल्पनेतली नव्हती. जनरल शर्मनच्या जानेवारी १८६५ मधील हुकमानुसार साउथ कॅरोलायना व जॉर्जियाच्या किनारपट्टीवर सुमारे ४०,००० मुक्त गुलाम वाट्याला आलेली जमीन कसूही लागले होते. जॉन्सनने त्या जमिनी जुन्या मालकांना परत करविल्या. फेब्रुवारी १८६६ मध्ये स्टीव्हन्सने मांडलेली जमीनवाटपाची दुरुस्ती १२६ विरुद्ध ३७ मतांनी फेटाळली गेली आणि मार्च १८६७ मध्ये त्याने आणलेले जप्तीचे विधेयकही पुढे सरकले नाही. त्या वेळी तो इतका आजारी होता, की भाषण पूर्ण करणे त्याला शक्य झाले नाही. घर आणि शेत हे मुक्त गुलामांना तात्काळ मिळणाऱ्या मतापेक्षाही अधिक मोलाचे आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. गुलाम ही मालमत्ता जप्त करणाऱ्या उत्तरेकडील रिपब्लिकनांना जमीन ही मालमत्ता जप्त करणे मात्र धोक्याचे वाटले; दक्षिणेतील जमीनदाराच्या मागोमाग उत्तरेतील कारखानदाराची पाळी येईल, ही भीती त्यामागे होती.

मताधिकार मात्र मिळाला. मार्च १८६७ च्या पुनर्रचना कायद्याने दक्षिणेतील दहा राज्ये पाच लष्करी विभागांत विभागली गेली आणि कृष्णवर्णीय पुरुषांना मतदानाचा हक्क देणाऱ्या नव्या घटना तयार करण्याची अट घालण्यात आली. वर्षभरात सात लाखांहून अधिक कृष्णवर्णीय मतदारांची नोंद झाली. जॉन्सनने या कायद्यांची अंमलबजावणी रोखण्यासाठी युद्धमंत्री एडविन स्टँटन यास पदच्युत केले, तेव्हा प्रतिनिधिगृहाने २४ फेब्रुवारी १८६८ रोजी १२६ विरुद्ध ४७ मतांनी त्याच्यावर महाभियोग आणला. सीनेटपुढे अभियोग चालविणाऱ्यांत स्टीव्हन्स होता. खुर्चीत बसवून त्याला सभागृहात उचलून आणावे लागे. भाषण वाचताना आवाज खचला, म्हणून उरलेला भाग बेंजामिन बटलरने वाचला. पदाच्या मुदतीसंबंधीच्या तांत्रिक कायद्याचा भंग हा या अभियोगाचा मुख्य आधार होता आणि तो दुबळा होता. जॉन्सनचा खरा अपराध राजकीय होता. १६ मे रोजी ३५ विरुद्ध १९ मते पडून, केवळ एका मताने, जॉन्सन वाचला.

यानंतर तीन महिन्यांच्या आत स्टीव्हन्स वॉशिंग्टन येथे मरण पावला. मृत्युसमयी लिडिया स्मिथ आणि कृष्णवर्णीय धर्मोपदेशक त्याच्याजवळ होते. त्याचे शव काँग्रेसच्या इमारतीतील घुमटाखाली अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले. हेन्री क्ले व लिंकन यांच्यानंतर हा मान मिळालेला तो तिसरा पुरुष होय. शवाभोवती कृष्णवर्णीय सैनिकांचा पहारा होता. लँकेस्टरमधील प्रतिष्ठित दफनभूमींत केवळ गौरवर्णीयांना प्रवेश असल्यामुळे त्याने एका लहानशा, सर्वांना खुल्या असलेल्या दफनभूमीची निवड आधीच केली होती आणि तिचे कारण थडग्यावरील लेखात नमूद करून ठेवले होते. जिल्ह्यातील रिपब्लिकनांनी आगामी निवडणुकीसाठी मृत स्टीव्हन्सलाच उमेदवारी देऊन त्याचा गौरव केला. त्याच्या मृत्युपत्रात लिडिया स्मिथसाठी वार्षिक ५०० डॉलर किंवा एकरकमी ५,००० डॉलर यांची तरतूद होती. तिने पुढे त्याचे राहते घर विकत घेतले. वर्ण व धर्म यांचा भेद न करणाऱ्या अनाथाश्रमासाठी त्याने ठेवलेली रक्कम दीर्घकाळ न्यायालयात अडकली आणि अखेर तीतून १९०५ मध्ये लँकेस्टर येथे एक औद्योगिक शाळा निघाली. आज ती तंत्रविद्या महाविद्यालय म्हणून चालू आहे.

लष्कर मागे घेतले गेल्यावर, १८७७ नंतर, दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार हळूहळू हिरावला गेला. स्वतःची जमीन नसल्यामुळे बहुसंख्य मुक्त गुलाम बटाईने शेती करून कर्जात रुतले होते आणि ज्याच्या शेतावर राबावयाचे त्याच्याच विरुद्ध मत देण्याचे धाडस फारच थोडे करू शकत. याच काळात इतिहासकारांनी स्टीव्हन्सची प्रतिमा सूडाने पेटलेल्या, विकृत मनाच्या म्हाताऱ्याची रंगविली. द बर्थ ऑफ अ नेशन या १९१५ च्या गाजलेल्या चित्रपटातील लंगडा, टोप घालणारा खलनायक पुढारी त्याच्यावरूनच बेतला होता. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस याने १९३५ मध्ये या मताला आव्हान दिले. तथापि नागरी हक्कांच्या चळवळीनंतरच इतिहासकारांचा कल बदलला. त्याची कठोरता, पक्षीय डावपेच व सूडबुद्धीची झाक नवे अभ्यासक नाकारत नाहीत; पण शाळा, नागरिकत्व व जमीन यांविषयीची त्याची दृष्टी काळाच्या पुढे होती, असे ते मानतात. २०१२ च्या लिंकन या चित्रपटामुळे तो पुन्हा सर्वसामान्यांच्या परिचयाचा झाला आणि २०२२ मध्ये गेटिझबर्ग येथे त्याचा पुतळा उभारण्यात आला. लँकेस्टर येथील त्याच्या जागेत या शतकाच्या आरंभी झालेल्या उत्खननात जमिनीखालील पाण्याची एक टाकी सापडली. तिच्या भिंतीत शेजारच्या इमारतीच्या तळघरातून आत शिरण्याजोगी वाट केलेली होती. पळून आलेले गुलाम तेथे लपविले जात असावेत, असे उत्खनकांचे मत आहे.